गादी तीच, चादर नवी

आमच्या गल्लीतला कॉम्प्युटरवाला आला की न विचारता माझ्याच खुर्चीत बसतो. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज रखडायला लागलं, तेव्हा त्यानंच त्याच्या जागी लिनक्स ही फुकटातली प्रणाली टाकून दिली. तेव्हापासून दर फेरीला हा पठ्ठ्या स्क्रीनचं रूपच बदलून जातो. खालची पट्टी वर जाते, मेनू गायब होतो, माझं डोकं सटकतं. मी ओरडलो की म्हणतो, "गादी तीच हाय की सर, चादर बदलली!"

काल कॉम्प्युटर सुरू करून पासवर्ड टाकताना कोपऱ्यातलं चाकाचं चित्र चुकून दाबलं गेलं. आधीच्या सगळ्या चादरी तिथंच घडी करून ठेवलेल्या! हवी ती निवडायची, बस्स. मी तणतणत त्याच्या दुकानात गेलो. "हे आधी का नाही सांगितलंत?"

मान वर न करता तो म्हणाला, "तुमी कुटं इचारलं?"