जानकी तिर्लोटकरचं दीड लिटर

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्क्रूच्या कारखान्यात जानकी तिर्लोटकरने सव्वीस वर्षं प्रेस मशीन चालवलं. मालकाने एकदा बायकांचा दुपारचा चहा बंद केला, तेव्हा तिने मशीन बंद केलं आणि चहाची किटली दारात दिसेपर्यंत स्टुलावर हाताची घडी घालून बसली. अशी बाई. नवरा गेला, मुलगा यज्ञेश नोकरीला लागला, मनाली सून म्हणून घरात आली, तरी जानकीचा आवाज काही खाली आला नाही.

सहासष्टाव्या वर्षी मात्र तिची चप्पल पायात जाईना. पावलं सुजून टम्म. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी चढताना मधे दोनदा थांबावं लागायचं. हॉस्पिटलात दिशा नावाच्या तरुण डॉक्टरने तपासलं, हृदयाची सोनोग्राफी करवली आणि समोर बसवून सांगितलं.

"मावशी, हृदय थकलंय तुमचं. पाणी पुढे ढकलायची ताकद कमी झालीय, म्हणून ते अंगात साठतं. गोळ्या देते. पण दिवसाला दीड लिटरच्या वर जायचं नाही. चहा, ताक, आमटी, पेज सगळं धरून दीड. मीठ कमी. रोज सकाळी वजन करायचं, एकदम वाढलं तर लगेच यायचं."

"आणि तहान लागली तर?"

"लागणार मावशी. खूप लागणार."

डॉक्टरने गोड बोलून फसवलं नाही, हे जानकीला आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने रीत बसवली. सकाळी दीड लिटरची बाटली काठोकाठ भरायची. कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी तुळशीला. वाटीभर आमटी घेतली की वाटीभर तुळशीला. उरेल ते दिवसभराचं. एप्रिलमध्ये दुपारी जीभ टाळूला चिकटायची. मनाली फ्रिजमधली बाटली तोंडाला लावायची तेव्हा जानकी उठून गॅलरीत जायची. चूळ भरून थुंकायची, वेलची चघळायची आणि स्वतःलाच दटावायची, "गप ऱ्हव. मरूचा नाय तुका." तीन आठवड्यांत चप्पल पुन्हा पायात गेली.

आता खरी गोष्ट. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत पाटकर, बँकेतून निवृत्त. माणूस वाईट नाही, पण हाती घेतलं की सगळ्यांच्या गळी उतरवल्याशिवाय राहायचा नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी 'रोज चार लिटर' हाती घेतलं होतं. जिन्याशेजारी तक्ता लावला, त्यावर साठीच्या पुढच्या सगळ्यांची नावं. चार लिटर प्यायलं की हिरवी खूण, नाही तर लाल. जानकीच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागली.

"आई, मारू द्या ना त्यांना हिरवी खूण," मनाली म्हणाली. "हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. कशाला उगाच वाद?"

"खोटं कशाला बोलू? चोरी केलीय मी?"

सोसायटीच्या वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला होता. पाटकरांनी सगळ्या ज्येष्ठांना स्टेजवर बोलावलं. टेबलावर लिटरच्या बाटल्या मांडलेल्या. सगळ्यांनी एकदम प्यायच्या, समोरच्यांनी टाळ्या वाजवायच्या. जानकीने बाटली उचलली आणि पाटकरांच्या हातात परत दिली.

"वहिनी, लाजू नका," ते माइकवर म्हणाले. लोक हसले.

"लाजतंय कोण? मला दीड लिटर सांगितलंय डॉक्टरने."

"अहो, पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय का? रोज मेसेज येतात, सगळे डॉक्टर तेच सांगतात."

"त्या मेसेजने माझी छाती तपासली काय?" तिने माइक स्वतःकडे ओढला. "पाटकरसाहेब, तुमची तब्येत ठणठणीत, रोज तासभर घाम गाळता, तुम्ही तहानेला भरपूर प्या. माझ्या मनालीला मुतखडा झालेला, तिला मीच पाठी लागून पाजते. पण माझं हृदय अधू आहे. मला हे पाणी चढतं. सगळ्यांना एकच माप लावायला आम्ही काय कारखान्यातले स्क्रू आहोत?"

पाटकरांचा चेहरा लालबुंद. "कार्यक्रमाची वाट लावली तुम्ही," ते म्हणाले.

"लागू दे. माझी नाय लागली म्हणजे झालं."

ती खाली उतरली तेव्हा पायऱ्यांशी राजाराम मेस्त्री उभे होते. देवगडकडचे, पलीकडच्या विंगेतले, सत्तरीचे, मुखदुर्बळ. हातातली बाटली अर्धी रिकामी.

"माका पण लिटरभरच सांगितला हा गो," ते हळूच म्हणाले. "किडनीसाठी. पण तक्त्यावर लाल खूण बरी नाय दिसत."

जानकीने त्यांची पॅन्ट घोट्यावरून वर सरकवली आणि बोट दाबलं. खड्डा पडला, तो पडलेलाच राहिला.

"कधीपासून?"

"वाइच सूज आसा. पंधरा दिवस."

"ह्येका वाइच म्हणतंस? चल, डॉक्टराकडे."

पाठोपाठ त्यांचा मुलगा सर्वेश आला, वैतागलेला. "काकू, बाबांना घाबरवू नका यार. उन्हाळा आहे, पाणी प्यायलाच पाहिजे."

"तुझ्या बाबांनी डॉक्टरचा कागद दाखवला तुला?"

सर्वेशने वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"तू गाडी काढतोस की मी रिक्षा थांबवू?" जानकीने विचारलं. मनालीने पर्स उचलली होती. सासूला एकटं सोडायची तिची तयारी नव्हती.

सर्वेशने गाडी काढली.

राजारामना चार दिवस दाखल व्हावं लागलं. अंगातलं पाणी उतरवताना सहा किलो वजन कमी झालं. आणखी आठवडा गेला असता तर फुप्फुसात भरलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सर्वेशला बाजूला घेऊन सांगितलं. तो परत आला तेव्हा जानकी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती.

"काकू, सॉरी."

"मला नको. बाबांना विचार, बाबा, तुमचं माप किती. रोज विचार. लाजतो तो माणूस."

पाटकरांनी तक्ता काढला, पण माफी मागितली नाही. उलट तिला सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं. यज्ञेश भांडायला निघाला होता. जानकीने त्याला थांबवलं. "एक कटकट गेली. मोबाईल हलका झाला."

पुढच्या महिन्यात मनालीच्या मावसभावाचं लग्न होतं, गोरेगावला. वाढपी सारखा पाण्याचा जग घेऊन फिरत होता. जानकीने ग्लासावर पालथा हात ठेवला. शेजारची बाई कळवळली.

"अहो आजी, घ्या ना, किती उकडतंय! पाण्याला नाही म्हणू नये."

"का म्हणू नये?" जानकी तिच्याकडे सरळ वळून बसली. "थांबा, सांगते तुम्हाला. वेळ आहे ना?"

पलीकडे मनालीने कपाळाला हात लावला. मग हसत हसत तिने खुर्ची जवळ ओढली.