फिकट गुलाबी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईलाही नाही. आणि सांगायला बसले की आधी भलतंच सांगत सुटते – माझा मलाच वैताग येतो.

आमचं गाव देवणीजवळ. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात मी एक. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, पुडी टाकून हलवायचं, थोडं थांबून रंग कार्डाशी लावून बघायचा. पाण्यात नायट्रेट असेल तर ते गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं वाईट. शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं – असं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घालायचं नाही, आणि उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. अक्षर माझं चांगलं आहे.

आमच्या गल्लीचा बोअर माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, स्वतःच्या जागेत घेऊन सगळ्यांना खुला केलेला. वर त्यांच्या नावाची पाटी. शेजारी आमचा गोठा आणि गोठ्यामागे वर्षानुवर्षांचा उकिरडा. शेणामुताचं पाणी मुरून जाणार कुठे? पण हे अप्पांना सांगायची छाती कुणाची? "देवणी गाईच्या पायाखालचं पानी हाय, लई गोड," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे माना डोलवायचे.

त्या उन्हाळ्यात मी नळी हलवली आणि रंग चढतच गेला – कार्डावरच्या शेवटच्या चौकोनापर्यंत. पुन्हा केलं. तेच. कळवलं असतं तर 'पिऊ नका' म्हणून बोअरला लाल रंग लागला असता, अगदी अप्पांच्या पाटीखाली. मी वहीत लिहिलं, 'फिकट गुलाबी'. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी प्यायला विकतच्या पाण्याचा जार सुरू केला. अप्पांना म्हणाले, मला पित्त होतंय.

शोभा समोरच राहते. तिची मुलगी तेव्हा दीड महिन्याची, अंगावरचं दूध पुरेना म्हणून पावडरचं चालू होतं. एका सकाळी ती दारात आली.

"वैनी, तुमी पानी तपासता म्हणून इचारते. बोअरचंच उकळून पाजायलेय. चालतंय ना?"

काय अवघड होतं? जार माझ्या पाठीमागेच होता. एक तांब्या भरून दिला असता, कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. मी म्हणाले, "हाव, चांगलं उकळ."

तिनं चांगलं उकळलं. आठवडाभरात पोरीचे ओठ निळे पडले, मग नखं. लातूरला पळवलं. रक्त काढलं तर ते लाल नव्हतंच, चॉकलेटी होतं, असं तिचा नवरा सांगत होता. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, तपासलेलं आहे, वहीत लिहिलंय. तरी पाणी बदला, असं डॉक्टर म्हणाले. शिरेतून औषध दिलं आणि पोर वाचली.

गावात आल्यावर खापर कुणावर फुटणार? शोभाची सासू चारचौघींत म्हणाली, "हिला बाटली धुवायची अक्कल न्हाई." मी त्या चौघींत होते. मी गप्प बसले असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी मान हलवली. शोभानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात बोअर आटला. ज्या पाटीसाठी हे केलं ती आता कोरड्या पाइपावर आहे. चीड येते ती कुणावर काढू?

मुलगी अंगणवाडीत जाते. शोभा अजून मला मानते, सणाला पहिली पुरणपोळी माझ्याकडे येते. आणि गल्लीत कुणी बाळंतीण आली की ती आपणहून जाऊन सांगते, "पानी लई उकळ बाई. मी कमी उकळलं होतं."

मी समोरच्या ओट्यावर असते. मला ऐकू येतं.