वहीतली सहावी ओळ

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. देव्हारा नाही. वडील एसटीत कंडक्टर, आणि कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की 'त्यानं तिकीट काढलंय का?' असं विचारून ते विषय संपवतात. मीही त्यांच्याच वळणाची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते असं झालं.

मी नातेपुत्याची. एम.ए. इंग्लिशसाठी सोलापुरात आले, होस्टेलला राहिले. दुसऱ्या सेमिस्टरला फोनेटिक्सचा पेपर होता, म्हणजे उच्चारांचा अभ्यास. त्यात एक लिपी शिकवतात. स्पेलिंग विसरायचं आणि कानाला जे ऐकू येईल ते खुणांमध्ये उतरवायचं. भाषा कळली नाही तरी चालतं. आमच्या मॅडम तर मुद्दाम अर्थ नसलेले शब्द सांगायच्या. "डोळे मिटा, ऐका, मग लिहा."

मार्च महिना, दुपारचे अडीच वाजलेले. पडदे ओढलेले, पंख्याचा वारा गरम. रस्त्यापलीकडे यंत्रमागांची खटखट — इतकी एकसारखी, की थोड्या वेळानं ऐकूच येईनाशी होते. मॅडम पाच शब्द सांगणार होत्या. मला झोप लागली असं मी म्हणणार नाही. पण मध्येच वाटलं, वर्ग कुठंतरी लांब सरकलाय, मॅडमचा आवाज मऊ झालाय आणि अगदी माझ्या मानेमागून येतोय... भीती अजिबात वाटली नाही. उलट उन्हातून घरात आल्यासारखं वाटलं. जे ऐकलं ते मी लिहिलं.

मग वह्या बदलून तपासायच्या होत्या. माझ्या शेजारी सरोजा बसायची. तिच्या घरी तेलुगू बोलतात, वडील घरीच मागावर टॉवेल विणतात. ती म्हणाली, "तुझ्या सहा ओळी झाल्यात की. आणि ही तर तेलुगू आहे."

"मला कुठं तेलुगू येतं?"

"इटु रा, तल दुव्वुता. म्हणजे इकडे ये, केस विंचरते. पहिला शब्द मात्र कळत नाही... थरू. असा शब्दच नाही आमच्यात."

मी पाहिलं. पहिली खूण गोल, मध्ये आडवी रेघ. इंग्रजी 'थिंक'मध्ये जीभ दातांत येऊन निघतो, तो थ. आमच्या दोघींच्याही भाषेत नसलेला. आम्ही हसलो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सरोजाचा चेहरा उतरलेला होता. "काल घरी गंमत म्हणून सांगितलं, तर वडिलांनी मागच बंद केला. तुला बोलावलंय."

सरोजा दोन वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर वडिलांनी तिचं नावसुद्धा काढलं नाही. सरोजानंही विचारणं सोडून दिलं होतं. वाटेत हे सांगताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती.

सरोजाचे वडील खाटेवर बसले होते. "बस की. तूच वाच ते. हळू वाच."

मी वाचलं, वहीत होतं तसंच. ते डोळे मिटून ऐकत होते.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचल्यावर ते सरोजाला म्हणाले, "तुझ्या आईला स यायचा न्हाय. जीभ दातात यायची." ते मराठीत बोलत होते, बहुतेक मला कळावं म्हणून. "तुला सरू म्हणायला जायची, तर निघायचं थरू. माझं नाव सत्यनारायण. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ते बरं, सुटले मी, म्हणायची." ते हसले आणि मग टॉवेलनं तोंड पुसत राहिले.

"मला तर कुणी सरू म्हणत नाही," सरोजा म्हणाली.

"मीच बंद करायला लावलं सगळ्यांना. ती गेल्यावर."

मग सरोजा त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसली. "अजून सांगा की."

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, सरोजा फोनवर बोलताना तू ऐकलं असशील. असेलही. पण तो थ? तो तर सरोजालाही माहीत नव्हता. वर्गात प्रत्येकाला विचारलं, सगळ्यांनी पाचच शब्द ऐकले होते. अक्षर माझंच, शाई माझ्याच पेनाची. त्यानंतर फोनेटिक्सचे कित्येक तास झाले, पुन्हा कधी असं झालं नाही. मला याचं कारण सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

सरोजा आता एका शाळेत इंग्रजी शिकवते. घरी जेवताना वडील अधूनमधून काहीतरी सांगतात. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला — 'आईला पोहता येत होतं अगं. गावच्या विहिरीत काठावरून उडी मारायची म्हणे.'