नागोरावची पितळी खरवडणी

नागोरावला एका जागी बसलेलं बोईसरमध्ये कुणी पाहिलेलं नाही. कारखान्याच्या गेटवर त्याच्यासाठी खुर्ची होती. तिच्यावर त्याचा डबा बसायचा आणि हा फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा.

माणूस कंधारकडचा. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला, बावीस वर्षं रायफली खोलल्या, पुसल्या, जोडल्या, आणि निवृत्त होऊन मेव्हण्याच्या ओळखीनं इथं वॉचमन झाला. हातात काठी आली. पण हातांना ती पटेना. मिळेल ते घासत सुटायचे. एकदा बायकोचा, सुगंधाचा तवाच आतून-बाहेरून लखलखीत केला.

"अवो, चार वर्षांत कुठं मुरला होता तवा!" सुगंधा कडाडली. "आता भाकर चिकटली की बोलवा तुमच्या कर्नलसायबाला, खरवडायला!"

खरवडायचंच वेड होतं ते. गोळ्या झाडल्या की रायफलीच्या आतल्या, गॅसच्या धक्क्यानं सरकणाऱ्या पिस्टनवर काजळीचा थर बसतो, दगडासारखा. पोलादानं खरवडलं तर पिस्टनला ओरखडे, चिंधीनं पुसलं तर थर हलत नाही. नागोरावनं डोक्यात एक पितळी खरवडणी आखली: मुठीत मावणारी, टोकाला अर्धगोल खाच. खाच पिस्टनवर बसवायची, फिरवायची, की काजळी खाली.

वामनशेठ सातपाटीचा. घरच्यांच्या बोटी, याचं मात्र बोईसरला लेथचं वर्कशॉप. त्यानं पितळ दिलं, मशीन दिलं, आणि अट घातली. "मासवनच्या बाजूला जवानांचं ट्रेनिंग सेंटर हाय. तिथली हत्यारं सांभाळणारी आर्मरर बाई ही खरवडणी पास करील, तर उद्यापासून गेट सोड, माझ्याकडं ये. नाय केली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाय."

"काढनार नाही."

"माप कुठनं घेतलंस?"

"माप?" नागोरावनं कपाळावर बोट आपटलं. "बावीस वर्षं याच्यात हाय. झोपेत काढून देतो."

"खऱ्या पिस्टनला वर्नियर लाव रे एकदा, माप कळंल."

"वर्नियर ज्याला आठवत नाही त्याला."

वाटेत स्कूटरवर मागं बसून नागोरावची चुळबुळ चाललेली. पालघर सुटलं, मनोरचा रस्ता लागला, तरी थांबेना. "फौजी, एक तर गाडी तू हलव, नाय तर मला चालवू दे," वामन वैतागला. "दोन वाजता तुझी ड्युटी हाय, पडलो तर दोघंपन जाऊ."

शस्त्रागाराच्या व्हरांड्यात हवालदार वर्षाराणी वाट बघत होती. आर्मरर बाई ती हीच. टेबलावर तेलात भिजवून काढलेले पिस्टन, काळेकुट्ट.

"दाखवा काका."

नागोरावनं पहिला उचलला, खरवडणी लावली. बसेना. अंगठ्यानं दाबली. तरी नाही.

"थर लई हाय," तो म्हणाला आणि दुसरा उचलला. तिथंही खाच वरच अडकली. मानेवरून घाम ओघळला. वामन छताकडे बघायला लागला.

टेबलाच्या कडेला एक पिस्टन वेगळा ठेवलेला होता. नागोरावनं विचारलंही नाही, झडप घातली. खरवडणी अल्लद बसली. एक वेढा, दुसरा वेढा, काजळीचे पापुद्रे खाली.

"हे बघा! हे बघा मॅडम! मापात हाय का नाही? ते दोन कुठून तरी भलतेच आलेत!"

वर्षाराणी हसली नाही. "काका, ते दोन नव्या रायफलींतले, मूळ मापाचे आहेत. हा बाद केलेला. दुसरीकडून आलेल्या जुन्या रायफलीतला. झिजलाय."

"झिजलाय? पिस्टन कसा झिजंल?"

"पॉलिश पेपर. इन्स्पेक्शनला साहेब पांढरा रुमाल फिरवतात ना, काळं लागू नये म्हणून पोरं घासत बसतात. घास घास घासतात. चमकतो मस्त. मग गॅस बाजूनं निसटतो आणि रायफल अडकायला लागते."

नागोराव टेबलापासून बाजूला झाला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बावीस वर्षांत त्याच्या फौजेतल्या कंपनीत साहेबांच्या रुमालाला काळं लागलं नव्हतं. एकदाही नाही. दोनदा शाबासकी मिळाली होती.

"पुढल्या वेळी नीट माप आनू," वामन घाईनं म्हणाला. "चल फौजी. होतं असं. नमुना हाय, चुकतो."

पळवाट आयती होती. नुसती मान हलवायची होती.

"नमुना नाही चुकला," नागोराव म्हणाला. "माझ्या हाताखालचे सगळे पिस्टन याच मापाचे होते. मॅडम, पेपर मीच वाटायचो. रायफल अडकली की जवानाला म्हनायचो, तुजी पकड ढिली. ग्राऊंडला फेऱ्या मारायला लावल्या मी लोकांना."

वामननं कपाळाला हात लावला. वर्षाराणीनं खरवडणी उचलून उजेडात धरली.

"ही पास नाही होणार," ती म्हणाली.

"व्हय."

"वर्नियर आणलाय?"

वामननं खिशातून काढला, आणला होताच. पण नागोराव उभ्या उभ्या, चुळबुळतच मोजायला लागला, आकडा धरेना.

"पिस्टन बाहेर नेता येणार नाहीत," वर्षाराणी म्हणाली. "इथंच मोजा. आत अजून चाळीस आहेत. सगळे मोजा. त्यातले किती झिजलेत, मलाही हवंय."

"फौजी, दीड वाजला. तुझं गेट!"

नागोरावनं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तिच्यावर बसला.

"आकडे लिवून घ्या वामनशेठ," तो म्हणाला. "मी सांगतो."