नाव सांगितलं की गुण जातो

थोरल्या भावाला कावीळ झाली, तेव्हा वाटूरकडच्या एका म्हाताऱ्याने बांधावरचा कसलासा रानपाला वाटून त्याला ताकातून दिला. पाल्याचं नाव विचारायचं नाही, हा त्याचा नियम. आठवडाभरात भाऊ बरळायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "वनस्पती कोणती? नाव कळलं तर ती विषारी आहे का, कुणी तपासलीय का, ते तरी बघता येईल."

मी म्हाताऱ्याला फोन करून गयावया केली. तो शांतपणे म्हणाला, "नाव सांगितलं की गुण जातो. मंग भाऊ वाचायचा न्हाई."

भाऊ गेला. दहाव्याला म्हातारा आला आणि म्हणाला, "दवाखान्यात नेलं, तिथंच चुकलं." आमचीच माणसं माना डोलावत होती.

दर रविवारी त्याच्या ओट्यासमोर अजून रांग लागते. नाव अजून कुणालाच माहीत नाही. गुण शाबूत आहे.