बावीस फेरे

"त्याला ग्लास नको. पाइपनंच पाज."

खरवईच्या सोसायटीचा चेअरमन वॉचमनला म्हणाला. माझ्यासमोर. मी त्यांच्या गेटापाशी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडता उघडता घामानं थबथबलेलो. प्यायला पाणी मागितलं होतं, एवढंच. वॉचमननं गाडी धुवायचा पाइप पुढं केला. मी वाकलो, ओंजळ केली, प्यायलो. वर हसलोसुद्धा.

माझा आजा महाडच्या तळ्यावर ओंजळ भरून आला होता. हक्कानं. हे सांगत सांगत मी म्हातारा झालो, आणि माझी ओंजळ अशी वापरली.

पण खरा गुन्हा पुढं आहे.

पाणीकपातीचा उन्हाळा होता. मी पाणी सोडणारा, ठेक्यावरचा चावीवाला. चौथीनंतर शाळा नाही, पण फेरे मोजण्यात मी चुकत नाही. सोसायटीचा व्हॉल्व्ह अकराच फेरे उघडायचा, तरच त्या लाइनचं पाणी टेकाडावरच्या आमच्या वस्तीत चढतं. कपातीत तसं ठरलेलंच होतं. चेअरमन म्हणायचा, "मास्टर, टाकी फुल करून टाक." मास्टर म्हटलं की मला बरं वाटायचं. मी बावीस फेरे उघडायचो. त्या दिवशी पाइपचं पाणी पिऊनही बावीसच.

वस्तीत नळाला नुसती हवा. शेजारच्या वहिनी जांभूळ गावच्या रस्त्याला, पाइपलाइन गळते तिथं हंडा घेऊन गेल्या. शेवाळावरनं घसरल्या. खुबा मोडला.

भेटायला गेलो. खाटेवरनं म्हणाल्या, "भावोजी, चावी तुमच्याकडं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कपातीत असंच असतं ना हो?"

मी "हो" म्हणालो.



पुढच्या पाळीला अकरा फेरे मोजले आणि चावी काढली. चेअरमन खाली आला. "ए, तुझ्या ठेकेदाराला फोन लावू?"

"लावा. अकरा ठरलेत, अकराच."

"माज आला काय रे म्हाताऱ्या?"

"आला. उशिरा आला."

तिथनं सरळ वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं, बावीस फेऱ्यांसकट. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. बरोबर केलं.

आता व्हॉल्व्ह उघडताना वस्तीतल्या दोघी जणी समोर उभ्या असतात. मी मोठ्यानं मोजतो, त्याही मोजतात. माझ्यावर भरवसा ठेवू नका, असं मीच सांगितलंय. उद्या चावी कुणाच्याही हातात जाऊ दे. मोजायला आमचं माणूस उभं राहणार.