एका हाताची सभा

तुमच्या नवऱ्याचं हृदय अधू आहे, दवाखाना खिंडीपलीकडे आहे, आणि गावातली रुग्णवाहिका राहणार की जाणार हे ज्या निवडणुकीत ठरतं, तिथं तुमच्या पक्षात नाव असलेल्याला मतच देता येत नाही. मग तुम्ही काय कराल? पक्ष कवटाळून बसाल?

उत्तराची घाई करू नका. कॉपर फोर्कमधल्या काहींनी केली होती.

व्हर्ना हाकाला त्या गावची जुनी डेमोक्रॅट. बाप खाणीतला, युनियनचा. ती स्वतः शाळेच्या भटारखान्यात आयुष्यभर राबली आणि काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, पक्षाची अध्यक्ष म्हणून हरण्याची सवय करून घेतली. आयडाहोच्या त्या भागात रिपब्लिकनच जिंकणार, म्हणून नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. खरी लढत मे महिन्यात, रिपब्लिकनांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. आणि तिथं मत कुणाला? ज्याचं नाव त्या पक्षात नोंदलंय त्यालाच. बाकीच्यांनी बाहेरून बघत बसायचं.

त्या वर्षी काउंटी मंडळाच्या एका जागेसाठी दोन रिपब्लिकन भिडले. ड्वेन कॅल्डर जुना, चिक्कू, तोंडाचा फटकळ. शाळेच्या जेवणावरून भांडण झाल्यापासून व्हर्ना त्याच्याशी बोलत नव्हती. पण कॉपर फोर्कची रुग्णवाहिका जागची हलणार नाही, हे तो उघड सांगत होता. समोर ट्रिप हॅनली. त्याचं म्हणणं, खाली काउंटीच्या मुख्य गावात एक गाडी आहे, ती पुरे. हिवाळ्यात ती खिंड काय असते हे त्यानं कधी बघितलेलंच नव्हतं. व्हर्नानं बघितली होती. बर्फ सारणाऱ्या यंत्राच्या मागं मागं जात कॉपर फोर्कच्याच गाडीनं तिच्या नवऱ्याला, आर्वोला, खाली नेलं होतं. गाडी खालून यायची असती तर व्हर्ना त्या रात्रीच विधवा झाली असती.

पक्ष बदलायची मुदत संपायच्या आत ती अध्यक्षपद सोडून काउंटी कार्यालयात गेली. खिडकीपलीकडे जॉयलीन, तिच्याच हातचं जेवून मोठी झालेली. तिनं अर्ज बघितला, मग व्हर्नाकडे.

"मिसेस हाकाला, खूण चुकून दुसऱ्या चौकोनात झालीये."

"चुकून नाही गं. शिक्का मार."

नंतर ती पक्षातल्या लोकांच्या घरोघर फिरली. कुणाकडे कॉफी, कुणाकडे सफरचंदाची गोड पाई. मत गुप्त असतं, पण पक्ष कुठला हे कुणालाही बघता येतं, त्यामुळे कुजबुज आधीच पोचली होती. तिनं लपवलंही नाही. नाव रिपब्लिकनांत घालायचं, कॅल्डरला मत द्यायचं आणि प्रायमरी झाली की परत आपल्या घरी, एवढंच तिचं सांगणं. बहुतेकांनी ऐकलं. ऐकलं नाही ते मिलो ब्रानिकनं. तो तिच्या बापाच्या हाताखाली खाणीत शिकलेला.

"तुझा बाप संपावर होता तेव्हा फाटकापलीकडे मालकांच्या बाजूनं हेच रिपब्लिकन उभे होते, विसरलीस का?" त्यानं दारातच विचारलं.

"विसरले नाही. पण बाप गेला, मिलो. आर्वो आहे."

मिलोनं दार लावून घेतलं.

ही लबाडी झाली, असं अजूनही काही शहाणे म्हणतात. कसली लबाडी? कायद्यानं दार ठेवलं होतं, ती दारातून गेली. ज्या निवडणुकीत गावाचा जीव पणाला लागतो ती अर्ध्या गावाला बंद ठेवतात, त्यांना आधी विचारा.

मे महिन्यात कॅल्डर निसटत्या मतांनी प्रायमरी जिंकला. गाडी राहिली. त्यानं आभार मानले नाहीत. वाणसामानाच्या दुकानात व्हर्ना दिसली तेव्हा टोपीला बोट लावलं, बस्स.

सगळे खूश झाले, आणि इथंच घोटाळा झाला. युनियनच्या हॉलमध्ये पक्षाची सभा भरली. नवा अध्यक्ष निवडायचा होता. हॉल गच्च, बीन्स आणि मक्याचा पाव पानात. मिलोनं नियम वाचला, नोंदलेल्या डेमोक्रॅटांनीच मत द्यायचं, आणि म्हणाला, करा हात वर.

वर गेला एकच हात. मिलोचा. विजयाच्या आनंदात परत नाव बदलायचं प्रत्येकानं उद्यावर ढकललं होतं. व्हर्नानंसुद्धा. चमचे थांबले. कुणी छताकडे बघतंय, कुणी ताटात.

मिलोनं हॉलभर नजर फिरवली. "म्हणजे सभेला मी एकटाच आलोय. तुम्ही नुसते जेवायला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हळूहळू सगळेच हसायला लागले. व्हर्ना तेवढी हसली नाही. ती भटारखान्याच्या दारात डाव हातात घेऊन उभी होती. बापाचा हॉल तिनं एकटीनं रिकामा केला होता. मिलोनं ठरवलं असतं तर आता तो हवं ते करू शकत होता. तिला कायमचं बाहेर ठेवायचा ठरावसुद्धा.

तो ताट घेऊन तिच्यापाशी आला.

"रिपब्लिकन बाईच्या हातचे बीन्स पचतात का गं?"

"आर्वोला विचार. तो रोज खातो."

आर्वो कोपऱ्यात बसला होता, सावकाश पाव मोडत. मिलो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग ताट पुढं केलं.

"मला अनुमोदन द्यायलाही इथं कुणी नाही," तो म्हणाला. "सभा पुढच्या गुरुवारी. तोवर तुझी खुर्ची मी धरून ठेवतो. वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना गेली तेव्हा जॉयलीननं अर्ज आधीच काढून ठेवला होता. मागं रांग होती, सगळी कालची जेवणारी.

आजही गावात तिला पक्षबदलू म्हणणारे आहेत. तुम्हालाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण त्याआधी एक करा: तुमच्या गावातली रुग्णवाहिका कुणाच्या मतावर उभी आहे, तेवढं विचारून या.